हापूसचे पैसे आणि अमेरिकेतलं रोटेशन

प्रश्न : मुलगी एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला आहे. अमेरिकेतल्या रुग्णालयात महिनाभर रोटेशन (एखाद्या विभागात राहून शिकणं) केलं तर रेसिडेन्सी (पदवीनंतरचं तज्ज्ञ होण्याचं प्रशिक्षण) मिळायला मदत होते म्हणते. यंदाच्या हापूसचे पैसे त्यात घालावेत का?
– एक आई, देवगड

उत्तर : ताई, आधी लेकीला विचारा, रेसिडेन्सी नक्की कुठे करायचीय? इथेच एमडी करायचं असेल तर एका पेटीचेही पैसे घालू नका. आपल्याकडे बहुतेक जागा नीट-पीजी या प्रवेश परीक्षेतल्या क्रमांकावर मिळतात. परदेशी रोटेशन तिथे कुणी विचारत नाही.

अमेरिकाच पक्की असेल तर मात्र उपयोग आहे, आणि तो मुख्यतः शिफारसपत्रासाठी. तिकडे असताना मी असे अर्ज वाचायचो. ‘मेहनती, वक्तशीर’ एवढंच लिहिलेलं पत्र, खाली सही कितीही मोठ्या डॉक्टरची असो, बाजूला पडायचं. तिने पेशंट कसा तपासला, केस कशी मांडली, हे लिहिणारा डॉक्टर हवा. म्हणून प्रत्यक्ष काम करू देणारं इलेक्टिव्ह (विद्यार्थ्यांसाठीचं रोटेशन) विद्यार्थी असतानाच करावं. पदवीनंतर बहुतेक ठिकाणी नुसती ऑब्झर्व्हरशिप मिळते. पेशंटला हात लावायचा नाही, कोपऱ्यात उभं राहून बघायचं. एजंट तीच ‘क्लिनिकल अनुभव’ म्हणून विकतात (आंब्याचे दलाल परवडले!).

शिवाय अमेरिकेत डॉक्टरकीसाठी लागणाऱ्या यूएसएमएलई परीक्षेची स्टेप 1 2022 पासून फक्त पास-नापास आहे, त्यामुळे तिच्या पुढच्या टप्प्याच्या, स्टेप 2 सीकेच्या गुणांना फार महत्त्व आलंय. ते कमी असले तर पत्रं वाचण्याआधीच अर्ज गळू शकतो. पैसे आधी त्या अभ्यासाला ठेवा.