हॅल लॅबोरेटरी ही जपानी गेम कंपनी बुडता बुडता कशी वाचली?

एका प्रोग्रामरमुळे. सातोरू इवाता. १९८० साली टोकियोत सुरू झालेल्या या कंपनीत ते कॉलेजात असतानाच अर्धवेळ काम करायचे. (नावाची गंमत बघा: आयबीएम या संगणक कंपनीच्या नावातल्या प्रत्येक इंग्रजी अक्षराच्या एक घर आधीचं अक्षर, म्हणून एचएएल!)

१९९२ च्या सुमारास कंपनी दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आली. डोक्यावर कर्ज सुमारे १५० कोटी येन. निन्टेंडो या बड्या जपानी गेम कंपनीचे प्रमुख हिरोशी यामाउची मदतीला तयार झाले, पण अट एकच, अध्यक्ष इवाताच हवेत. १९९३ मध्ये इवातांनी सूत्रं हाती घेतली, तेव्हा वय जेमतेम ३३! त्यांना हिशेब-व्यवस्थापनाचा अनुभव फारसा नव्हता. पण हॅलच्या 'कर्बी' या पात्राचे गेम चालले, १९९९ पर्यंत कर्ज फिटलं आणि २००२ मध्ये ते निन्टेंडोत थेट यामाउचींच्याच खुर्चीत बसले.