स्टार्चच्या प्लॅस्टिकला तडा. सांधताना फोड का येतात?

प्रश्न : माझ्या कारच्या दाराचं आतलं पॅनेल स्टार्चमिश्रित प्लॅस्टिकचं आहे. क्लिपजवळ तडा गेला. हॉट एअर गनने सांधताना फोड आले, कड तपकिरी पडली. काय चुकलं?
– एक वाचक, धंतोली, नागपूर

उत्तर : फोड पाण्याचे आहेत. स्टार्च हवेतला ओलावा ओढून घेतं, पावसाळ्यात तर फारच. तापवलं की त्या पाण्याची वाफ होते आणि प्लॅस्टिक आतून फुगतं. तपकिरी कड म्हणजे स्टार्च करपलं. वेल्डिंगचा नाद सोडा, पॅनेल चिकटवून घ्या.

आधी ते काढून पंख्याखाली दोन दिवस वाळवा. उन्हात अजिबात नको : मिश्रणात पीएलए (मका-उसासारख्या पिकांपासून बनवलेलं प्लॅस्टिक) असेल तर ते साधारण ६० अंशांलाच मऊ पडतं, आणि मे महिन्यात नागपुरात उन्हात उभ्या बंद गाडीचा डॅशबोर्डही तेवढा तापतो. तड्याच्या टोकाला २ मिमीचं भोक पाडा, नाहीतर तडा पुढे सरकत राहतो. मागची बाजू ८० नंबरच्या पॉलिश पेपरने खरवडा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. पाण्याने धुऊ नका. फायबरची जाळी तड्याच्या दोन्ही बाजूंना २ सेंमी जाईल अशी बसवून दोन भागांचं इपॉक्सी (दोन ट्यूबमधलं एकत्र कालवून लावायचा पक्का गोंद) लावा, २४ तास हलवू नका. मिश्रण पॉलिप्रॉपिलीनचं असेल तर आधी प्लॅस्टिक प्रायमर हवाच. त्याशिवाय इपॉक्सी सालासारखं सुटून येतं.

क्लिपजवळची कड हलकेच वाकवून पाहा. कटकन तुटली, तर प्लॅस्टिक जुनं होऊन ठिसूळ झालंय. मग इपॉक्सीवर खर्च न करता पॅनेलच बदला.