टीमच्या विकी पानांना रंगीत पार्श्वभूमी दिली तर लोक ती आवडीने वाचतील का?

अख्खं पान रंगवून नाही वाचणार. दोन दिवस कौतुक होईल, मग डोळे दुखतील. रंग फक्त जिथे नजर थांबायला हवी तिथेच द्या. तुमची विकी कॉन्फ्लुएन्स या सॉफ्टवेअरवर असेल तर तिथे तिरकी रेघ (/) टाइप करून पॅनेल, म्हणजे मजकुराचा रंगीत चौकोन, निवडा. कस्टम पॅनेलला हवा तो रंग आणि इमोजी देता येतो. टेबलातले कप्पेही (सेल) रंगवता येतात.

छटा फिकटच घ्या. अक्षरं आणि पार्श्वभूमी यांचं कॉन्ट्रास्ट किमान ४.५:१ असावं, असं डब्ल्यूसीएजी या वेबपानं सर्वांना वापरता यावीत यासाठीच्या नियमावलीचा मधला (एए) स्तर सांगतो. लाल-हिरवा फरक सगळ्यांना दिसत नाही, म्हणून रंगासोबत ‘सावधान’, ‘झालं’ असे शब्दही लिहा. डार्क मोडमध्ये पान एकदा उघडून बघाच, तिथे हमखास घोळ होतो.

आणि मजकूर जुनाट असेल तर आधी तो बदला, रंग नंतर.