ओतायच्या फाँडंटची चमक का जाते (आणि कचकच का लागते)

एकीने विचारलंय त्याचं हे उत्तर. म्हणजे तुम्ही फाँडंट म्हणून आयसिंग शुगर, पाणी आणि थोडं ग्लुकोज एकत्र करून गॅसवर "चांगलं गरम" केलं, छोट्या चौकोनी केकवर ओतलं, ओतताना आरशासारखं दिसत होतं आणि सकाळी बघता तर सगळं मॅट, मधेमधे पांढरे डाग, कोपऱ्यातून केक डोकावतोय आणि दाताखाली कचकच. वर प्रश्न की फ्रीजमध्ये ठेवलं असतं तर वाचलं असतं का. फ्रीजचं शेवटी सांगते. मुख्य चूक त्या "चांगलं गरम"मध्येच आहे.

आधी एक खुलासा, कारण फाँडंट म्हटलं की निम्म्या लोकांच्या डोळ्यासमोर लाटून केकवर पांघरायची ती पोळी येते. ते वेगळं प्रकरण. आपण बोलतोय ते ओतायचं फाँडंट, पेटी फोर (एका घासाचे छोटे केक), एक्लेअर (क्रीम भरलेली लांबट पेस्ट्री), मिल-फय (पापुद्र्यांची थरांची पेस्ट्री) वगैरेवर असतं ते, पातळ, चकचकीत, वरून हलकंसं सुकलेलं आणि आत मऊ.

आता हे असतं काय तर साखरेचे अतिशय बारीक कण आणि त्यांच्याभोवती थोडा घट्ट पाक, बस्स. कण साधारण २०-२५ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) खाली असले की जिभेला दाणा कळतच नाही, आणि पृष्ठभाग गुळगुळीत राहतो म्हणून चमक. तुम्ही ते ४० अंशांच्या बरंच वर नेलंत की बारीक कण आधी विरघळतात, दिसायला एकदम पातळ आणि काचेसारखं होतं, आपल्याला वाटतं वा! पण गार होताना ती विरघळलेली साखर उरलेल्या कणांवर जाऊन बसते आणि ते मोठे होतात. मोठे कण म्हणजे डाग, मॅटपणा, कचकच, आणि वरचा थर कडक. मी पण हे केलंय बरं का, घाई होती म्हणून वाटी मायक्रोवेव्हमध्ये टाकली, थर्मामीटर घातला तेव्हा ६० दाखवत होता, तरी "असू दे" म्हणून ओतलं आणि अख्खा ट्रे दुसऱ्या दिवशी बुरशी आल्यासारखा दिसत होता. पाहुण्यांना दिलाच नाही.

म्हणून नियम एकच लक्षात ठेवा, फाँडंट पातळ करायचं ते पाकाने, उष्णतेने नाही. ३७ ते ४० अंश, म्हणजे बोट बुडवलं तर अंगाएवढं कोमट वाटेल इतकंच. तेवढ्यावर घट्ट वाटत असेल तर साधा पाक (साखर आणि पाणी समान वजनाने उकळून गार केलेलं) एकेक चमचा घाला. नुसतं पाणी नको, पाणी परत ते बारीक कण विरघळवतं, आणि एक चमचा जास्त झाला की परतीचा रस्ता नाही.

तुमची आयसिंग शुगरवाली पद्धत वाईट नाही, झटपट आहे, पण दळलेली साखर कितीही बारीक असली तरी पाकातून धरलेल्या कणाइतकी बारीक नसते, आणि तिच्यात गुठळ्या होऊ नयेत म्हणून कॉर्नफ्लोअर असतं त्याची कच्ची चव मला तरी लागते. करायचंच असेल तर चाळून घ्या, ग्लुकोज घालाच, आणि मूठभर वितळलेलं व्हाईट चॉकलेट घाला, त्याने केक झाकला जातो आणि चव पण सुधारते.

खरं फाँडंट मात्र एकदा करून बघाच. ५०० ग्रॅम साखर, १५० मिली पाणी, ८० ग्रॅम लिक्विड ग्लुकोज. साखर पाण्यात पूर्ण विरघळेपर्यंत मंद आचेवर ढवळा, मग ग्लुकोज घाला, उकळी आली की चमचा बाहेर आणि परत आत नाही. कडेला साखरेचे थेंब सुकतात ते ओल्या ब्रशने पुसून घेत राहा, कारण तिथला एक दाणा पडला तरी सगळा पाक वेळेआधी दाणेदार व्हायला तेवढं निमित्त पुरतं. ११४-११५ अंशांना बंद. थर्मामीटर आधी उकळत्या पाण्यात तपासून घ्या, उंचावर राहत असाल किंवा थर्मामीटर चुकार असेल तर पाणी जिथे उकळतंय असं तो दाखवतो त्यात १४-१५ मिळवायचे. थर्मामीटर नसेल तर गोळीबंद पाक बघा, गार पाण्यात थेंब टाकला की मऊ गोळी व्हायला हवी, दोन बोटांत दाबली तर चपटी होणारी. टणक गोळी झाली तर पाक पुढे गेला, त्यात थोडं पाणी घालून परत तिथवर आणा, फेकू नका.

मग पाण्याचा हबका मारलेल्या संगमरवरावर किंवा स्टीलच्या मोठ्या ट्रेमध्ये ओता, वरून पण थोडं पाणी शिंपडा म्हणजे साय धरणार नाही. पातेलं खरवडू नका, कडेला चिकटलेलं तिथेच राहू द्या. आणि आता हात मागे. ४५-५० अंशांपर्यंत गार होईपर्यंत हलवायचं नाही, ट्रे उचलून इकडचा तिकडे पण नाही. गरम असताना घोटलं की थोडेच पण मोठे कण धरतात, गार झाल्यावर घोटलं की एकदम असंख्य बारीक धरतात.

पुढचा भाग माझा आवडता. स्क्रॅपरने कडेकडून मध्ये घेत घोटत राहायचं. पहिली पाचेक मिनिटं काहीच होत नाही, नुसता चिकट पारदर्शक पाक ताणला जातो आणि आपण स्वतःला शिव्या देतो. मग तो धुरकट होतो, मग दुधी, स्क्रॅपरच्या मागे उमटलेली रेघ भरून यायला वेळ लागायला लागतो, आणि मग अगदी अर्ध्या मिनिटात सगळं आखडून पांढराफटक भुगा-गोळा होतो, स्क्रॅपर हलेना होतो. हात लावलात तर गोळा मघापेक्षा किंचित गरम लागेल, कण धरताना उष्णता बाहेर पडते ती. इथे बरेच जण "बिघडलं" म्हणून टाकून देतात!! बिघडलेलं नाही, तेच व्हायला हवं होतं. ओल्या हाताने मळा, मऊ होईल. स्टँड मिक्सर असेल तर पॅडल लावून मंद स्पीडवर हेच काम होतं, पण हाताने एकदा करा म्हणजे कधी काय होतं ते कळतं. मग हवाबंद डब्यात, वर ओला कपडा, आणि निदान एक रात्र मुरू द्या. मुरलेलं आणि ताजं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

वापरताना हवं तेवढं तोडून वाटीत घ्या, वाटी गरम (उकळत्या नव्हे) पाण्यावर ठेवा, स्पॅचुलाने हळू ढवळा. फेटायचं नाही, हवेचे बुडबुडे केकवर फुटतात आणि खड्डे पडतात. रंग आणि इसेन्स याच वेळी. कोको किंवा डार्क चॉकलेट घातलं की ते पटकन घट्ट होतं, तेव्हा पाकाचा चमचा हाताशी ठेवा. उचललेल्या चमच्यातून पडणारी धार वाटीतल्या फाँडंटवर दोन-तीन सेकंद दिसून मग मिटली की तयार. धार मिटतच नसेल तर जाड थर बसेल, लगेच मिटत असेल तर कोपरे उघडे पडतील, तुमचं बहुतेक हेच झालं.

कोपऱ्यांचं दुसरं कारण केक. नुसत्या केकवर ओतलंत तर तो पाक पितो आणि भुगा वर येतो. गरम करून गाळलेला जर्दाळूचा जॅम पातळ लावा, सुकू द्या, जमलं तर वर मार्झिपॅनचा (बदाम-साखरेच्या गोळ्याचा) पातळ थर, मग कडा एकदम सरळ येतात. व्हिप्ड क्रीमवर मात्र याच्या नादाला लागू नका, घसरतं. केक थंडगार असताना कापा, कड स्वच्छ येते, पण ओतायच्या आधी नॉर्मलला आणा, नाहीतर फाँडंट लागल्या लागल्या गोठतं आणि जाड बसतं.

जाळीवर ठेवा, खाली ट्रे, आणि ओतताना आधी कडांवरून एक फेरी मारून मध्ये संपवा, एकाच दमात. राहिलेल्या जागेवर चमच्याने थिगळ लावायचं नाही, ते कायम दिसतं, त्यापेक्षा त्या तुकड्यावर बदामाचा काप ठेवा :) खाली पडलेलं गाळून परत वापरता येतं, फक्त भुगा फार झाला असेल तर चॉकलेटचं करून टाका. एक्लेअर असेल तर ओतू नका, उलटा धरून बुडवा आणि जास्तीचं बोटाने कडेने पुसा.

आणि फ्रीज. झालेले केक फ्रीजमध्ये ठेवले असते तर अजून वाईट झालं असतं, बाहेर काढल्यावर त्यांना घाम फुटतो, तो पाक होऊन ओघळतो आणि चमक जाते ती जातेच. नॉर्मलला, डब्यात, झाकण किंचित उघडं, आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत संपवा. न वापरलेला गोळा मात्र घट्ट गुंडाळून फ्रीजमध्ये महिनाभर आरामात राहतो. जो बिघडलाय तो उरला असेल तर फेकू नका, पाणी घालून पूर्ण विरघळवा, परत ११४ ला न्या आणि पहिल्यापासून घोटा, साखर काही वाया जात नाही.