घरातल्या जुन्या एलपी आणि ७८च्या तबकड्या डिजिटल करायला कोणता टर्नटेबल घ्यावा?
आधी तबकड्यांचा वेग पाहा. नाट्यसंगीताच्या जुन्या लाखेच्या तबकड्या ७८च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे फिरणाऱ्या असतात. त्यांची खाच रुंद असते. एलपीची बारीक सुई तिच्या तळाशी घासते आणि गाण्यापेक्षा खरखरच जास्त येते. म्हणून ७८चा वेग आणि बदलता येणारी सुई, दोन्ही असलेलाच टर्नटेबल घ्या. माझी पसंती ऑडिओ-टेक्निकाच्या एलपी१२०एक्स-यूएसबीला. ७८साठी व्हीएमएन९५एसपी ही सुई वेगळी घ्यावी लागते, पण तो खर्च नक्की करा. सुईकडून येणारा क्षीण आवाज वाढवणारा प्रीअँप या टर्नटेबलच्या आतच आहे. यूएसबीने संगणकाला जोडून ऑडासिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्ड करा, मूळ प्रत वेव्ह (आवाज न दाबता साठवणाऱ्या) फाइलमध्येच ठेवा. सूटकेससारखे स्वस्त प्लेअर टाळा. आणि लाखेच्या तबकडीला स्पिरिट कधीही लावू नका, लाख विरघळते.