बदललेले इंजिन आणि जुना रेडिएटर

प्रश्न : माझ्याकडे 2009 सालची मारुती ओम्नी आहे. मूळचे 796 सीसीचे इंजिन थकल्यामुळे गेल्या वर्षी तिला ईकोचे 1196 सीसीचे वापरलेले इंजिन बसवून घेतले. केटरिंगचे सामान भरून धनकवडीहून खेड शिवापूरकडे जाताना कात्रजच्या जुन्या घाटात निम्मा चढ झाला की तापमानाचा काटा लाल रेषेकडे सरकतो आणि उतार लागल्यावर खाली येतो. स्वारगेटच्या गर्दीत मात्र काहीच त्रास होत नाही. मेकॅनिकने रेडिएटर धुऊन दिला, थर्मोस्टॅट काढून टाकला आणि आता हेड गॅस्केट बदलावे लागेल असे त्याचे म्हणणे आहे. बदलावे का?
– एक वाचक, धनकवडी

उत्तर : तूर्त बदलू नये. गॅस्केट (इंजिनाचा खालचा ठोकळा आणि वरचे हेड यांच्यामधली, वायू आणि पाणी अडवणारी चकती) गेलेच नसेल असे पत्रावरून छातीठोकपणे सांगता येणार नाही. परंतु आपण दिलेल्या लक्षणांवरून त्याआधी तपासण्यासारख्या चार-पाच गोष्टी दिसतात, आणि त्यांतील बहुतेकांना फारसा खर्च नाही. गाडी केव्हा तापते हे आपण नेमके लिहिले आहे, ते फार उपयोगी पडले. उभ्या गाडीत तापत नाही, चढावर ओझे ओढताना तापते आणि ओझे हलके होताच निवते, याचा अर्थ इंजिनातून निघणारी उष्णता त्या वेळी रेडिएटरला झेपत नाही. ती का झेपत नाही, एवढेच शोधायचे आहे.

इंजिन मोठे म्हणून ते आपोआप जास्त तापते, असा एक समज आहे. उष्णता इंजिनाच्या आकारावर नव्हे, तर आपण त्याच्याकडून किती काम करून घेतो त्यावर ठरते. उदाहरणादाखल, सामानासह 1200 किलो वजनाची गाडी दर 20 मीटरला 1 मीटर चढणाऱ्या रस्त्यावर ताशी 25 किलोमीटर वेगाने न्यायला सुमारे 5 किलोवॉट शक्ती लागते, आणि तोच चढ ताशी 50 च्या वेगाने चढायचा तर ती 10 किलोवॉटच्या वर जाते. पेट्रोल इंजिनात ढोबळमानाने जेवढी शक्ती चाकांकडे जाते, तेवढीच उष्णता कूलंटमधून, म्हणजे इंजिन थंड ठेवण्यासाठी त्यातून फिरणाऱ्या द्रवातून, रेडिएटरकडे येते. जुन्या इंजिनाने आपल्याला त्या घाटात वेग घेऊच दिला नसता. नव्याची शक्ती जवळजवळ दुप्पट असल्यामुळे आता आपण तोच चढ झपाट्याने चढता, आणि रेडिएटर मात्र बहुधा ओम्नीचाच, तीन सिलिंडरच्या इंजिनासाठी बनवलेला, राहिला आहे.

म्हणून पहिली चाचणी अगदी साधी आहे. तेवढेच सामान भरून तोच घाट दुसऱ्या गिअरमध्ये, जुन्या इंजिनाच्या चालीने, चढून पाहावा. काटा जागेवर राहिला तर कूलंट फिरते आहे, फक्त रेडिएटर अपुरा आहे असे समजावे आणि ईकोचा किंवा त्याहून जाड गाभ्याचा रेडिएटर बसवावा. संथ चालीतही काटा चढला तर दोष अन्यत्र आहे.

त्याआधी काट्याचीच साक्ष तपासायला हवी. तापमानाचा सेन्सर इंजिनावर असतो आणि काटा डॅशबोर्डात. इंजिन बदलताना सेन्सर एका गाडीचा आणि मीटर दुसऱ्या गाडीचा अशी जोडी जमली असेल, तर दोघांचे ओहम (विद्युत रोधाचे आकडे) जुळत नाहीत आणि काटा निर्धास्त खोटे सांगतो. इन्फ्रारेड थर्मामीटर आता हार्डवेअरच्या दुकानातही मिळतो. थर्मोस्टॅटच्या (इंजिन गरम होईपर्यंत रेडिएटरची वाट बंद ठेवणाऱ्या झडपेच्या) घरावर काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर मोजावे, कारण चकचकीत अ‍ॅल्युमिनियमवर हे यंत्र तापमान कमी दाखवते. काटा लाल रेषेजवळ असताना प्रत्यक्षात 92–95 अंश भरले, तर आपले इंजिन तापतच नाही.

ते खरोखर 105 च्या पुढे जात असेल, तर घाटमाथ्यावर गाडी सुरक्षित जागी घेऊन, इंजिन चालू ठेवून, त्याच थर्मामीटरने रेडिएटरचा वरचा आणि खालचा होज (रबरी नळी) लगोलग मोजावा. दोन्ही सारखेच कढत असतील तर पाणी फिरते आहे, पण हवा त्याची उष्णता नेत नाही. खालचा होज वरच्यापेक्षा 20–25 अंशांनी थंड असेल तर पाणीच कमी फिरते आहे. कोणत्याही सुट्या भागाला हात लावण्यापूर्वी हा एवढा फरक कळला, तर निम्मे गॅरेजबिल वाचते.

हवेच्या बाजूचा एक दोष बदललेल्या इंजिनांत मला विशेष संशयास्पद वाटतो, तो म्हणजे उलटा फिरणारा पंखा. वायरमनने पंख्याच्या दोन तारा अदलाबदल करून जोडल्या, तरी मोटर तितक्याच जोमाने फिरते, आवाजही तसाच येतो, म्हणून कोणाला शंका येत नाही. मात्र पंखा हवा आत ओढण्याऐवजी पुढे फेकतो. उभ्या गाडीत तेवढ्यावरही भागते. ताशी 30–40 च्या वेगाने चढताना समोरून येणारा वारा आणि पंख्याचा वारा एकमेकांना अडवतात, आणि नेमकी हीच आपली तक्रार आहे. पंखा चालू असताना रेडिएटरच्या पुढच्या जाळीवर वर्तमानपत्राचा कागद धरावा. पंखा रेडिएटरच्या मागे बसवलेला असल्यास कागद चिकटून राहिला पाहिजे.

पाणी कमी फिरत असल्याचे निघाले, तर खालच्या होजकडे पाहावे. इंजिनाचे फेरे वाढले की पंप त्यातून जोराने पाणी ओढतो आणि मऊ पडलेला किंवा आतली स्प्रिंग नसलेला होज चपटा होतो. गाडी उभी करून कोणाला तरी अ‍ॅक्सिलरेटर दाबायला सांगितले की हे डोळ्यांनी दिसते. दुसरी शक्यता एअर लॉकची. ओम्नीत रेडिएटर नाकाशी आणि इंजिन सीटखाली असल्यामुळे मधल्या पाइपांची वळणे इंजिन बदलताना सरकतात, आणि एखादे वळण रेडिएटरच्या झाकणापेक्षा उंच गेले तर तिथे हवा अडकून बसते. नाक वर येईल अशा चढणीवर किंवा रॅम्पवर गाडी उभी करून, झाकण काढून, गार इंजिनात सावकाश कूलंट भरावे आणि इंजिन चालू करून बुडबुडे थांबेपर्यंत वाट पाहावी. ओम्नीला हीटर नसेल, तर नव्या इंजिनाच्या हीटरच्या दोन नळ्यांचे काय केले हेही मेकॅनिकला विचारावे. त्या बुजवून टाकण्यापेक्षा एका होजने एकमेकींना जोडणे बरे, कारण काही इंजिनांत थर्मोस्टॅटपर्यंत गरम पाणी पोहोचण्याची वाट त्यांतूनच असते.

थर्मोस्टॅट काढून टाकणे हा आपल्याकडचा जुना तोडगा आहे आणि मला तो मान्य नाही. काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना रेडिएटरला वगळून जाणारी आडवाट बंद करतो. तो नसला की पाण्याचा एक भाग रेडिएटरला न भेटताच परत इंजिनात जातो आणि चढावर गाडी उलट जास्त तापते. शिवाय थंडीच्या सकाळी इंजिन वेळेवर गरम न झाल्याने पेट्रोल जास्त जळते. नवा थर्मोस्टॅट आणून, त्यावर कोरलेल्या अंशांवर तो उघडतो का हे गरम पाण्यात थर्मामीटर धरून पाहावे आणि मग बसवावा.

रेडिएटरचे झाकणही बदलून टाकावे. समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंचीवरच्या पुण्यात उघडे पाणी 98 अंशांच्या आसपास उकळते, 0.9 बार दाब धरणारे चांगले झाकण तो उत्कलनबिंदू 118 च्या घरात नेते. स्प्रिंग ढिली पडलेले झाकण कुकरच्या गळक्या रबरासारखेच निरुपयोगी असते. आत बोअरचे पाणी न भरता कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे भरावे.

एवढे करूनही दोष राहिला, तरच गॅस्केटकडे वळावे, आणि तेही हेड न उघडता. रात्रभर थंड झालेले इंजिन सकाळी सुरू केल्यावर मिनिटाभरातच वरचा होज दगडासारखा कडक झाला, झाकण काढून सुरू केल्यास बुडबुडे थांबतच नसले किंवा कूलंट कुठेही न गळता कमी होत असले, तर संशय बळावतो. खात्रीसाठी निळ्या द्रवाची चाचणी करवून घ्यावी. सिलिंडरमधला वायू कूलंटमध्ये येत असेल तर पेट्रोल इंजिनात तो द्रव पिवळा पडतो. मात्र काटा लाल रेषेवर असताना गाडी पुढे रेटत राहिलात, तर अ‍ॅल्युमिनियमचे हेड वाकून आज नसलेला हा दोषही उद्या निर्माण होईल.

जाता जाता, इंजिन बदलाची नोंद आरसी बुकात झाली आहे का तेही पाहावे. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार असे बदल आरटीओच्या परवानगीने करायचे असतात, आणि इंजिन क्रमांक जुळत नसल्यास विम्याच्या दाव्याच्या वेळी अडचण येऊ शकते.

प्रश्न : माझ्याही व्हॅनला इंजिन बदललेले आहे. साताऱ्यापर्यंत काटा हलत नाही, पण कर्वे रस्त्यावर दोन सिग्नल लागले की वर जातो. पंखा फिरताना दिसतो.
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : आपली तक्रार वरच्या पत्राच्या उलट आहे. वेगात वारा मिळतो तोवर सारे ठीक चालते, म्हणजे रेडिएटर आणि पंप बहुधा निर्दोष आहेत. दोष पंख्याच्या बाजूला शोधावा. कागदाची चाचणी आपणही करावी. त्यानंतर पंखा चालू असताना त्याच्या टोकांवर व्होल्ट मोजावेत. बॅटरीवर 13.5 आणि पंख्यावर 11 मिळाले, तर बारीक वायर किंवा जळका रिले (पंख्याची वीज चालू-बंद करणारा विजेवरचा स्विच) मध्ये वीज खातो आहे आणि पंखा फिरत असला तरी अर्ध्या जोमाने फिरतो आहे. पंख्याभोवतीचे प्लास्टिकचे कवच इंजिन बसवताना काढून ठेवलेले असेल तर ते पुन्हा लावावे, कारण त्याच्याविना पंखा फक्त आपल्यापुरत्या गोलातूनच हवा ओढतो आणि रेडिएटरचे कोपरे हवेविना राहतात. एसी असल्यास पुढच्या कंडेन्सरमध्ये (एसीच्या रेडिएटरसारख्या जाळीत) साचलेली धूळ मागच्या बाजूने, पाण्याचा जोर कमी ठेवून धुवावी. प्रेशर पंपाने धुतल्यास पातळ पत्रे वाकतात आणि हवेचा मार्ग आणखी अडतो.