पगार अडकलाय आणि वकील परवडत नाही

प्रश्न : ताई, माझी आई लोअर परळला एका ऑफिस बिल्डिंगमध्ये हाउसकीपिंगला आहे, ठेकेदारामार्फत, पगार १३ हजार. मध्ये ठेकेदार बदलला, आई तिथेच राहिली, पण जुन्याने शेवटच्या दोन महिन्यांचे पैसे दिलेच नाहीत. ऑफिसवाले म्हणतात आमचा संबंध नाही, ठेकेदार फोन उचलत नाही, आणि आता त्याचा सुपरवायझर म्हणतो पाच हजार घे आणि या कागदावर सही कर. एका वकिलाने नुसते कागद बघायचे दोन हजार सांगितले. काय करू? (घाटकोपर)

उत्तर : पहिल्यांदा आईला सांग, सही करू नको. त्या कागदावर बहुतेक वेळा ‘माझा सगळा हिशोब मिळाला, काही येणं बाकी नाही’ असं लिहिलेलं असतं, फुल अँड फायनल म्हणतात ते हेच, आणि कागद कोरा असेल तर ते नंतर लिहितात, एवढाच काय तो फरक. सही आधीच झाली असली तरी सगळं संपलं असं नाही, पण मग भांडण उगाच लांबतं.

आता आईचं आयकार्ड बघ. माझ्याकडे बायका येतात तेव्हा मी तेच आधी मागते. पुढच्या बाजूला आईचा फोटो आणि कधी कधी बिल्डिंगचं नाव, मागे बारीक अक्षरात ठेकेदाराचं नाव नि पत्ता. नवीन ठेकेदार आला की नवीन कार्ड देतो आणि जुनं जमा करून घेतो, म्हणजे पुरावा गेलाच ना! म्हणून दोन्ही बाजूंचा फोटो आजच काढून ठेव. पासबुक छापून आण, पगार कुणाच्या नावाने जमा होत होता ते त्यात दिसतं. आणि व्हॉट्सअॅप ग्रुपवर सुपरवायझरने ‘उद्या ७ वाजता, तिसरा मजला’ असं काही टाकलं असेल तर ते डिलीट करायचं नाही, तारखेसकट स्क्रीनशॉट.

‘आमचा संबंध नाही’ हे साफ खोटं आहे. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत द्यायचा असतो, आणि ठेकेदाराने नाही दिला तर ज्या कंपनीचं काम केलं तिने तो द्यायचा आणि मग ठेकेदाराकडून वसूल करायचा, हे त्यांचं ते बघतील. तेव्हा तक्रारीत दोघांचीही नावं घाल.

तक्रार बीकेसीतल्या (वांद्रे-कुर्ला संकुल) कामगार भवनात, कामगार आयुक्तांच्या ऑफिसला. त्याला वकील लागतच नाही. साध्या कागदावर मराठीत लिही, दोन प्रती ने, एक त्यांना दे आणि दुसरीवर पोचचा शिक्का मारून घे, शिक्क्याशिवाय तिथून हलू नकोस. आईसारख्या अजून चार-पाच जणी असतीलच, सगळ्यांच्या सह्यांचा एकच अर्ज करा, म्हणजे दर वेळी एकीनेच जायचं आणि बाकीच्यांचा खाडा वाचतो. आणि क्लेम करायला मुदत असते, ‘दिवाळीनंतर बघू’ नको.

प्रकरण कोर्टात गेलंच तर वकील फुकट मिळतो. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात बाईला उत्पन्नाची अटच नाही, १३ हजार काय नि ५० हजार काय. जिल्हा कोर्टात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं तिथे आधार कार्ड घेऊन जायचं, नाहीतर आधी त्यांच्या १५१०० या हेल्पलाइनला फोन करून विचारायचं. लोकांना हे दान वाटतं म्हणून लाजतात, मला याचा भारी राग येतो, अगं कायद्याने दिलेला हक्क आहे तो.

प्रश्न : साकीनाक्याला एका गाळ्यात ७ वर्षं हेल्पर होतो, आम्ही १५ जण. राजीनामा दिला तर शेठ म्हणतो स्वतः सोडलंस तर ग्रॅच्युइटी नाही. खरंय का? मला पण फुकट वकील मिळेल का, मी तर पुरुष आहे. (कुर्ला)

उत्तर : शेठ चुकतोय, किंवा त्याला बरोबर माहितीये आणि तरी बोलतोय. दहा किंवा जास्त माणसं असली की ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मालकाने द्यायची एकरकमी रक्कम, लागू होते आणि सलग ५ वर्षं झाली की स्वतः सोडलं तरी मिळते. हिशोब सोपा आहे, शेवटचा बेसिक (मूळ पगार) आणि महागाई भत्ता भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. समजा ते दोन्ही मिळून १३ हजार असतील तर वर्षाचे ७,५०० आणि ७ वर्षांचे ५२,५००. लेखी अर्ज दे, ३० दिवसांत पैसे द्यावे लागतात, उशीर केला तर व्याजासकट.

वकिलाचं म्हणशील तर पुरुषांनाही मिळतो, आपल्याकडे वर्षाचं उत्पन्न ३ लाखांच्या आत असलं की झालं, आणि अनुसूचित जाती-जमातीचा असशील तर तीही अट नाही. त्या वकिलाची फी प्राधिकरण देतं, तेव्हा त्याने झेरॉक्स, चहापाणी असं काही मागितलं तर द्यायचं नाही, ज्या ऑफिसने वकील दिला तिथेच जाऊन लेखी तक्रार करायची, आणि हो, तिच्यावरही पोच घ्यायची.